स्वस्त ब्लॅक अँड व्हाइट रोल बंद झाला, आता काय? बडोद्यातल्या फिल्मवाल्यांचे नेहमीचे प्रश्न

एखादा परवडणारा रोल बंद झाल्याची बातमी आली की बडोद्यात फिल्म वापरणारे सगळे एकमेकांना फोन करू लागतात. फाइन आर्ट्सचे विद्यार्थी, दांडिया बाजारातल्या जुन्या घरांत आजोबांचा कॅमेरा सापडलेली मुलं, निवृत्तीनंतर पुन्हा डार्करूमकडे वळलेले काका, सगळ्यांचे प्रश्न बहुतेक सारखेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. ज्यांना आजच रोल धुवायचा आहे त्यांनी थेट उन्हाळ्याच्या प्रश्नाकडे जावे.

दर वेळी स्वस्तातलाच रोल का बंद होतो?

फिल्म कशी तयार होते ते पाहिले की हे लक्षात येते. जिलेटिनमध्ये चांदीचे क्षार मिसळून तो थर रुंद पट्ट्यावर चढवतात, आणि हे काम एका वेळी हजारो फुटांचे असते. मग तो पट्टा कापून ३५ मिमी किंवा १२० (त्याहून रुंद फिल्मच्या) आकारात भरतात. ही यंत्रे मोठ्या मागणीसाठी बांधलेली आहेत. मागणी घटली म्हणून छोट्या घाण्यात थोडासा माल काढता येत नाही. पूर्ण घाणा काढायचा आणि तो खराब होण्याआधी खपवायचा, एवढाच मार्ग उरतो.

शिवाय फोटोचा रोल कारखान्यात एकटा कधीच नव्हता. सिनेमाची फिल्म, एक्स-रे फिल्म आणि छपाईची फिल्म यांच्या खपावर तो कारखाना चालायचा, आणि आपला ३६ फोटोंचा रोल त्याच छत्राखाली स्वस्तात मिळायचा. सिनेमा डिजिटल झाला, इस्पितळांत एक्स-रे संगणकावर दिसू लागला आणि ते छत्र गेले. कोडॅकने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. फुजीने २०१३ मध्ये सिनेमाची फिल्म बनवणे थांबवले. क्रोएशियातल्या फोटोकेमिकाचा एफके रोल २०१२ मध्ये थांबला, कारण जुनी यंत्रसामग्री दुरुस्त करणे परवडेना.

आपल्याकडचे उदाहरण म्हणजे उटीची हिंदुस्थान फोटो फिल्म्स. १९६० मध्ये स्थापन झालेल्या या सरकारी कंपनीचा ‘इंदू’ रोल आणि इंदू कागद अनेकांच्या घरातल्या अल्बममागे आहे. पूर्व जर्मनीतला ओर्वोही त्या काळी आपल्या बाजारात होता. आज इंदू दुकानात मिळत नाही.

स्वस्त रोलची आणखी एक अडचण असते. त्यांतले बरेच दुसऱ्याच्या कारखान्यात बनलेले आणि वेगळ्या नावाच्या डब्यात भरलेले असतात. डब्यावर ज्याचे नाव, त्याच्याकडे यंत्र नाही आणि फॉर्म्युलाही नाही. करार संपला की रोल संपला. म्हणून रोल निवडताना भावाबरोबर तो कोणाच्या कारखान्यातून येतो हेही पाहावे.

माझा रोल नेमका कोण बनवत होते, हे कसे कळेल?

डब्यावर ‘कुठे बनले’ तो देश पाहा. मग धुतलेल्या निगेटिव्हच्या कडेवरची अक्षरे आणि आकडे पाहा. एकाच कारखान्यातून निघालेल्या वेगवेगळ्या नावांच्या रोलवर ती पुष्कळदा एकाच वळणाची असतात. तिसरी खूण म्हणजे डेव्हलपिंगचा तक्ता, म्हणजे चित्र उमटवणाऱ्या रसायनात (डेव्हलपरमध्ये) रोल किती वेळ ठेवायचा त्याची यादी. दोन रोलच्या वेळा सगळ्या डेव्हलपरमध्ये तंतोतंत जुळत असतील तर नाते जवळचे आहे. पहिल्या पाण्याचा रंगही बोलका असतो. फोमापानचा १२० रोल डेव्हलपरआधी पाण्यात भिजवला की हिरवेगार पाणी बाहेर येते, आणि ते पहिल्यांदा पाहणारा घाबरतोच. त्यात घाबरण्यासारखे काही नाही, तो मागच्या थरातला रंग असतो.

बातमी आल्याबरोबर उरलेले सगळे रोल विकत घेऊन ठेवावेत का?

थोडे घ्यावेत, पण सगळे नाही. आधी तुम्ही महिन्याला खरोखर किती रोल काढता ते मोजा. दोन काढत असाल तर वर्षाचे चोवीस होतात. त्याहून जास्त साठवून उपयोग नाही, कारण बंद झाल्याची बातमी पसरली की भाव चढतो, आणि चढलेल्या भावाने घेतलेला स्वस्त रोल स्वस्त राहत नाही.

एक अपवाद मात्र आहे. एखादे काम अर्धवट असेल, समजा मांडवीपासून लहरीपुरा दरवाजापर्यंतच्या जुन्या दुकानांची मालिका, तर ती पूर्ण होण्यापुरते रोल जरूर घ्या. शक्य झाल्यास सगळे एकाच बॅचचे घ्या. डब्यावर बॅच नंबर छापलेला असतो. बाकीच्या रोजच्या फोटोंसाठी नव्या रोलकडे वळा, म्हणजे मालिका संपेपर्यंत नव्या रोलवर हात बसलेला असेल.

साठा करणाऱ्यांचे एक वागणे मला फार खटकते. ते रोल जपून ठेवतात आणि वापरत नाहीत. स्वस्त रोलचे मोल त्याच्या ग्रेनमध्ये किंवा टोनमध्ये फारसे नव्हते. तो हात सैल ठेवत होता. एकाच चौकात दहा फ्रेम घेताना पैशांचा विचार मनात येत नव्हता, म्हणून अकरावी फ्रेम चांगली यायची. बदली रोल निवडताना हीच कसोटी लावा: जुन्यासारखा सर्वांत जास्त दिसणारा रोल शोधण्यापेक्षा, जो तुम्ही मोकळ्या हाताने वापरू शकाल तो घ्या.

आई फ्रिजमध्ये रोल ठेवू देत नाही. बाहेर ठेवले तर चालतील का?

दोन-तीन महिन्यांत संपणारे रोल घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या कपाटात चालतील. गच्चीखालच्या खोलीत, स्वयंपाकघरात किंवा गाडीच्या डिकीत अजिबात ठेवू नका. मे महिन्यात बडोद्यात पारा ४० अंशांच्या वर जातो आणि बंद गाडीत त्याहून कितीतरी जास्त तापते.

त्याहून लांबच्या साठ्यासाठी फ्रिज हवाच. आईला सांगा की बंद डब्यातल्या रोलला वास नसतो आणि त्यातून काही सांडत नाही. झाकण घट्ट बसणारा एक डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका, वर तारीख लिहा आणि तो खालच्या कप्प्यात कोपऱ्यात ठेवा. एका डब्यापुरती जागा बहुतेक आया देतात.

खरा धोका बाहेर काढताना असतो. पावसाळ्यातल्या दमट हवेत थंड रोल लगेच उघडला तर त्यावर दव धरते आणि थर चिकटतो. फ्रिजमधला रोल डब्यासकट दोन तास बाहेर ठेवावा, फ्रीझरमधला तीन-चार तास. सकाळी सहाला निघायचे असेल तर रात्रीच काढून ठेवा.

मुदत संपलेले रोल स्वस्तात मिळतात. घ्यावेत का?

ब्लॅक अँड व्हाइट फिल्म रंगीत फिल्मपेक्षा खूप सोशिक असते. १०० किंवा १२५ एएसएचा (एएसए म्हणजे फिल्मचा वेग, ती उजेडाला किती चटकन प्रतिसाद देते ते), थंडीत राहिलेला रोल मुदतीनंतर काही वर्षे जवळजवळ नव्यासारखा चालतो. ४०० चा लवकर धुरकटतो, ३२०० चा त्याहून लवकर. दुकानदाराला एकच प्रश्न विचारा: रोल कुठे होते? शोकेसमध्ये उन्हात बसलेला असेल तर नको. एकाच बॅचचे दहा मिळत असतील तर आधी एक घेऊन धुवा, मग उरलेल्यांचे ठरवा.

बदली म्हणून आज कोणते रोल पाहावेत?

माझी पसंती क्रमाने सांगतो, कारणांसकट.

पहिली केंटमिअर १०० आणि ४००. हे रोल इंग्लंडमध्ये हरमनच्या कारखान्यात बनतात, जिथे इल्फोर्डचे एचपी५ प्लस आणि एफपी४ प्लसही बनतात. म्हणजे नाव स्वस्तातले असले तरी यंत्र आणि फॉर्म्युला मालकाच्या घरचे आहेत, आणि मला हे सर्वांत महत्त्वाचे वाटते. टोन मवाळ आणि सरळ आहे. एक उणीव आहे: फ्रेममध्ये थेट दिवा आला तर त्याभोवती किंचित प्रभा पसरते. नवरात्रात गरब्याचे फोटो काढणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. काहींना ते आवडतेही.

दुसरी फोमापान, चेक प्रजासत्ताकातल्या ह्रादेत्स क्रालोव्हे गावची. फोमा कंपनी १९२१ पासून आहे आणि आजही स्वतः थर चढवते. फोमापान १०० चा ग्रेन जुन्या वळणाचा आहे आणि चेहऱ्यांवर सुंदर दिसतो. पण डब्यावरच्या आकड्यावर जाऊ नका. फोमापान ४०० बहुतेक जण २०० किंवा २५० वर मोजतात, नाहीतर सावल्या रिकाम्या येतात. आणि लांब एक्स्पोजरला, म्हणजे शटर बराच वेळ उघडे ठेवताना, फोमापान १०० फार हळू होतो: उजेड मोजणाऱ्या मीटरने १० सेकंद सांगितले तर कंपनीच्या तक्त्याप्रमाणे ८० द्यावे लागतात. रात्री सुरसागरच्या पाण्यातले दिवे टिपायचे असतील तर हा फरक सगळे काही ठरवतो. त्याच ठिकाणी एचपी५ ला साधारण २० सेकंद पुरतात, आणि फुजीच्या अॅक्रॉसला काहीच वाढवावे लागत नाही.

तिसरी कोडॅकची डबल-एक्स, मूळची सिनेमाची ब्लॅक अँड व्हाइट फिल्म, १९५९ पासून चालत आलेली. दिवसा २५० एएसए. रंगीत सिनेफिल्मच्या पाठीवर जो काळा थर असायचा तो हिला नसल्याने घरच्या टाकीत ती सरळ धुता येते. कोणी मोठी रीळ आणून सुटे रोल भरून देत असेल तर विचार करा.

एचपी५ प्लस आणि कोडॅकचा ट्राय-एक्स उत्तम आहेत, पण स्वस्त नाहीत. खास कामासाठी एखादा ठेवा.

डार्करूम नाही आणि टाकीही नाही. मग?

इल्फोर्डचा एक्सपी२ सुपर घ्या. हा ब्लॅक अँड व्हाइट असूनही रंगीत निगेटिव्हच्या रसायनात धुतला जातो, त्यामुळे रंगीत रोल धुणारी लॅब तो धुऊ शकते. कोडॅकचा असाच बीडब्ल्यू४००सीएन होता, तो २०१४ मध्ये बंद झाला. पण दर रोलमागे लॅबचे पैसे द्यावे लागले की स्वस्ताईचा हिशेब संपतो. टाकी, चेंजिंग बॅग (अंधारात फिल्म टाकीत भरायची काळी पिशवी) आणि थर्मामीटर हा खर्च एकदाच होतो.

नवा रोल हाताळायला शिकण्यासाठी किती रोल वाया घालवावे लागतील?

तीन, आणि तेही वाया जात नाहीत. हा भाग नीट वाचा, कारण इथे दिलेली संध्याकाळ पुढची काही वर्षे उपयोगी पडते.

पहिला रोल. खोल सावली आणि लख्ख ऊन एकाच फ्रेममध्ये येईल अशी जागा निवडा. रावपुऱ्याजवळचा तांबेकर वाडा सकाळी यासाठी फार चांगला आहे: कोरीव लाकडाचे काळे कोपरे आणि त्यावर पडलेला उन्हाचा पट्टा. ते जमत नसेल तर कमाटीबागेतले कोणतेही जुने झाड, बुंध्याच्या सालीसकट. एकच दृश्य तीन प्रकारे घ्या: डब्यावरच्या वेगाने, एक स्टॉप, म्हणजे दुप्पट, प्रकाश देऊन आणि दोन स्टॉप, म्हणजे चौपट, देऊन. असे संच रोलभर वेगवेगळ्या दृश्यांचे करा. रोल कंपनीच्या तक्त्यातल्या वेळेप्रमाणे धुवा, वेळेत काहीही बदल करू नका.

आता निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरा आणि फक्त सावल्या पाहा. ज्या फ्रेममध्ये काळ्या कोपऱ्यातली नक्षी पहिल्यांदा स्पष्ट दिसते, तो तुमच्या कॅमेऱ्यासाठी, तुमच्या मीटरसाठी आणि तुमच्या डेव्हलपरसाठी त्या रोलचा खरा वेग. डब्यावरच्या आकड्याहून तो कमी निघाला तर नवल मानू नका.

दुसरा रोल त्याच वेगाने काढा आणि आता उजळ भाग पाहा. उन्हातला पांढरा सदरा किंवा चुन्याची भिंत निगेटिव्हवर इतकी गडद आली असेल की प्रिंटमध्ये काहीच तपशील उतरत नाही, तर डेव्हलपिंगची वेळ सुमारे १५ टक्के कमी करा. सगळे राखाडी, मरगळलेले दिसत असेल तर तेवढीच वाढवा. सावली एक्स्पोजरने ठरते आणि उजळ भाग डेव्हलपिंगने, म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

तिसरा रोल नेहमीचे फोटो काढून भरा आणि ठरलेल्या वेळेने धुवा. बरोबर आला तर वहीत लिहा: रोल, वेग, डेव्हलपर, प्रमाण, तापमान, वेळ. पुढे वर्षभर हेच ठेवा. रोल बदलला आहे, तेव्हा डेव्हलपरही बदलून पाहू, असा मोह अनेकांना होतो. तो टाळा. दोन्ही एकदम बदलले तर कोणामुळे काय झाले ते कधीच कळणार नाही.

टाकीच्या पाण्याला उन्हाळ्यात हातही लावता येत नाही. २० अंश कुठून आणायचे?

हा बडोद्याचा खरा प्रश्न आहे, आणि बाहेर छापलेले तक्ते थंड देशांतले असल्यामुळे त्यात याचे उत्तर सापडत नाही.

२० अंशांचा हट्ट सोडा. २४ अंशांवर छान काम होते. २० अंशांवर १० मिनिटे लागत असतील तर २४ वर साधारण ७ लागतात. वेळ पाच मिनिटांच्या खाली जाऊ देऊ नका, नाहीतर डेव्हलपर सगळीकडे सारखा पोहोचत नाही आणि आकाशात पट्टे दिसतात. वेळ फार कमी होत असेल तर डेव्हलपर एकास एक पाणी घालून पातळ करा, म्हणजे वेळ पुन्हा वाढते.

एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत माठातले पाणी आदल्या रात्री भरून ठेवले की सकाळी नळाच्या पाण्यापेक्षा चांगलेच गार असते. तेवढ्याने बहुतेक काम होते. उरलेले दोन अंश फ्रीझरमध्ये गोठवलेली पाण्याची बाटली टबात उभी करून उतरवा. बर्फ थेट रसायनात टाकू नका, प्रमाण बिघडते. जुलैत हवा दमट झाली की माठ गार होत नाही, तेव्हा पाणी फ्रिजमध्येच ठेवावे लागते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे डेव्हलपर, मधले पाणी, फिक्सर (चित्र पक्के करणारे रसायन) आणि शेवटची धुलाई सगळे एकाच तापमानाच्या आसपास हवे. २४ च्या डेव्हलपरनंतर ३४ चे नळाचे पाणी ओतले तर थर फुगतो आणि जिलेटिनवर बारीक जाळी पडू शकते. ती निगेटिव्हमधून निघत नाही. धुलाईचे पाणीसुद्धा आधीच बादलीत भरून त्याच खोलीत ठेवा. पहाटे पाचला धुणे हा अनेकांनी स्वीकारलेला मार्ग आहे, आणि तेव्हा घरातही शांतता असते.

बोअरचे पाणी असेल तर शेवटचे खळबळणे डिस्टिल्ड किंवा आरओच्या पाण्यात करा, त्यात वेटिंग एजंटचे (पाणी थेंब न धरता निथळू देणाऱ्या द्रवाचे) एक-दोन थेंब टाका. नाहीतर निगेटिव्हवर क्षारांचे पांढरे डाग वाळतात.

रोलबरोबर डेव्हलपरही महागला. घरी बनवता येतो का?

येतो, आणि रसायनांचे कारखाने ज्या शहराच्या आसपास आहेत तिथे तर नक्कीच. प्रयोगशाळांना रसायने पुरवणाऱ्या दुकानांत मेटॉल, हायड्रोक्विनोन, निर्जल सोडियम सल्फाइट आणि बोरॅक्स मिळतात.

डी-७६ चे प्रमाण एका लिटरला: मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम. सुमारे ५० अंशांच्या ७५० मिली पाण्यात याच क्रमाने विरघळवा, आधीचे पूर्ण विरघळल्याशिवाय पुढचे टाकू नका, आणि शेवटी गार पाण्याने लिटर पूर्ण करा. मेटॉल पहिले असण्याला कारण आहे: सल्फाइटच्या दाट द्रावणात ते विरघळत नाही. फक्त चिमूटभर सल्फाइट त्याआधी टाकले तर मेटॉल पाण्यात काळवंडत नाही.

याहून सोपा डी-२३: मेटॉल ७.५ ग्रॅम आणि सल्फाइट १०० ग्रॅम, एका लिटरला, बस. दोनच पुड्या. टोन मवाळ येतो, म्हणून आपल्या कडक उन्हासाठी मला तो डी-७६ पेक्षाही आवडतो. वेळ किंचित जास्त लागते.

हातमोजे घाला, मेटॉलने काहींच्या हातावर पुरळ येते. पावडर मोजताना तोंडावर मास्क ठेवा. स्वयंपाकाचा एकही चमचा किंवा पातेले या कामाला घेऊ नका, आणि बाटलीवर ठळक अक्षरांत लिहून ती लहान मुलांच्या हाताबाहेर ठेवा. एक दशांश ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा लागेल.

फिक्सरसाठी हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, २५० ग्रॅम एका लिटरला. तयार रॅपिड फिक्सरपेक्षा हळू असतो. रोलच्या तोंडाचा छोटा तुकडा उजेडातच त्यात टाका आणि तो पारदर्शक व्हायला किती वेळ लागतो ते पाहा. रोलला त्याच्या दुप्पट वेळ द्या. हाच वेळ ताज्या फिक्सरच्या दुप्पट लागू लागला की फिक्सर बदला.

मोठी रीळ घेऊन स्वतः रोल भरणे खरेच स्वस्त पडते का?

बहुतेक वेळा हो. ३०.५ मीटरच्या, म्हणजे शंभर फुटी रिळीतून ३६ फोटोंचे साधारण १८ रोल निघतात. पण आधी भागाकार करा. काही कंपन्यांची मोठी रीळ हिशेबाला सुट्या रोलपेक्षा महाग पडते. केंटमिअर आणि फोमापानच्या रिळीत सहसा फायदा असतो.

लोडर, म्हणजे मोठ्या रिळीतून कॅसेटमध्ये फिल्म भरायचे साधन, एकट्याने घ्यायची गरज नाही. तिघा-चौघांनी मिळून एक लोडर आणि एक रीळ घेतली तर पैसे एकदम गुंतत नाहीत आणि रीळ मुदतीत संपते. रिकाम्या कॅसेटसाठी रंगीत रोल धुणाऱ्या लॅबला सांगून ठेवा: फिल्मचे शेपूट थोडे बाहेर ठेवून कापा. त्या शेपटाला नवी फिल्म टेपने चिकटवून आत फिरवायची.

दोन सावधगिऱ्या. जुन्या कॅसेटवर चंदेरी-काळे चौकोन असतात, ते कॅमेऱ्याला वेग सांगतात. २०० च्या रंगीत रोलच्या कॅसेटमध्ये तुम्ही ४०० भरला तर स्वयंचलित कॅमेरा २०० च समजेल. त्यावर कागदी टेप लावा आणि वेग हाताने ठरवा. आणि भरलेल्या रोलच्या शेवटी टेप लावताना जो तुकडा उजेडात येतो तो काळा होतो, म्हणून महत्त्वाचा फोटो ३६ व्या फ्रेमवर ठेवू नका.

आता प्रत्येक फ्रेम मोजून काढावी लागते, हात आखडतो. काय करावे?

हा प्रश्न मला सर्वांत जवळचा वाटतो. या शहरात ज्योती भट्ट आणि राघव कनेरिया यांनी १९६० च्या दशकापासून गावोगावी फिरून भिंतींवरची चित्रे, रांगोळ्या, माणसे आणि घरे ब्लॅक अँड व्हाइटमध्ये टिपली. एक चित्रकार-मुद्राकार, दुसरा शिल्पकार. असे काम वर्षानुवर्षे, पुन्हा पुन्हा जाऊन होते. एका जागी एकच फ्रेम घेऊन परतणाऱ्याकडून होत नाही.

म्हणून फ्रेम कमी करण्याआधी बाकीचा खर्च कमी करा. रीळ भरा, डेव्हलपर बनवा, प्रत्येक फोटोची मोठी प्रिंट न काढता पूर्ण रोलचा एक कॉन्टॅक्ट शीट (सगळ्या फ्रेम मूळ आकारात एकाच कागदावर) काढा. हाफ-फ्रेम कॅमेरा मिळाला तर ३६ च्या रोलमध्ये ७२ फोटो बसतात. ग्रेन ठळक येतो, पण रस्त्यावरच्या फोटोंना तो शोभतो. सरावासाठी, कोन आणि उजेड पाहण्यासाठी फोनचा कॅमेरा खुशाल वापरा. मग रोलवर तेच टिपा जे ठेवायचे आहे, पण तिथे पोहोचलात की हात आखडू नका.

एक्स-रे फिल्मवर फोटो काढतात असे ऐकले. खरे का?

खरे आहे, पण ३५ मिमीसाठी नाही. ती मोठ्या तावांत येते, म्हणून मोठा प्लेट कॅमेरा किंवा स्वतः बनवलेला पिनहोल डबा हवा. लाल रंग तिला दिसत नाही, त्यामुळे डार्करूममध्ये लाल दिव्यात हाताळता येते, आणि फोटोत ओठ व कुंकू गडद येतात. बहुतेक एक्स-रे फिल्मला दोन्ही बाजूंनी थर असतो, म्हणून ट्रेमध्ये ओरखडे फार सहज पडतात. तळाशी काच ठेवा. शिकणाऱ्यांसाठी याहून स्वस्त मोठी निगेटिव्ह नाही. प्रिंटचा फोटो कागदही डब्यात घालून निगेटिव्ह काढता येते, त्याचा वेग मात्र ३ ते ६ च्या आसपास असतो.

परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकडून रोल मागवले तर विमानतळावर खराब होतात का?

चेक-इनच्या बॅगेत ठेवू नयेत, तिथला एक्स-रे जोरकस असतो. हातातल्या सामानात जुन्या पद्धतीच्या यंत्रातून ८०० एएसएच्या खालचे रोल एक-दोनदा गेले तर बहुधा काही होत नाही. नव्या सीटी पद्धतीच्या यंत्रांचे तसे नाही, ती फिल्म धुरकट करू शकतात. रोल डब्यांतून काढून पारदर्शक पिशवीत एकत्र ठेवा आणि हाताने तपासण्याची नम्रपणे विनंती करा, असे मामा-मावशीला आधीच सांगून ठेवा.

बंद झालेला रोल कधी परत येतो का?

क्वचित. फुजीने निओपान अॅक्रॉस १०० बंद करत असल्याचे २०१८ मध्ये जाहीर केले, कारण त्याचा कच्चा माल मिळेना. २०१९ मध्ये अॅक्रॉस २ बाजारात आला, डब्यावर इंग्लंडमध्ये बनल्याची नोंद घेऊन. रोल परत आला, पण तो स्वस्त रोल राहिला नव्हता. कोडॅकचा प्लस-एक्स २०११ पासून नाही. वाट पाहत बसू नये असेच मी सांगेन.

वापरलेल्या फिक्सरचे काय करायचे?

मोरीत ओतू नका. त्यात निगेटिव्हमधून सुटलेली चांदी असते आणि ती पाण्यातल्या जिवांना घातक आहे. प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवा, झाकण सैल ठेवा. जुनी एक्स-रे फिल्म आणि हायपो यांतून चांदी काढणारे व्यावसायिक असतात. एक्स-रे केंद्रात विचारलेत तर तिथे कोण येतो ते कळते. तिघे-चौघे मिळून रोल भरत असाल तर फिक्सरचा कॅनही एकत्रच ठेवा, लवकर भरतो आणि नेणाऱ्याला फेरी परवडते.